धूमकेतू, स्टॅकिंग आणि बुलढाण्याचे आकाश

धूमकेतूचे आजचे छायाचित्र बहुधा एका क्षणाचे नसते. अनेक फ्रेम संगणकात एकावर एक जुळवून, म्हणजे स्टॅकिंग करून, ते तयार होते. म्हणून ते ‘बनवलेले’ आहे, असा आक्षेप घेतला जातो. मागे वळून पाहिले, तर निष्कर्ष उलटा निघतो. १९१० मध्ये हॅले धूमकेतूची छायाचित्रे काचेच्या प्लेटांवर घेतली, तेव्हा लांब एक्स्पोजर चालू असेपर्यंत दुर्बीण धूमकेतूच्या चालीने फिरवत ठेवावी लागे. त्यामुळे तारे रेघांसारखे उमटले. १९८६ चा हॅले आणि १९९७ चा हेल-बॉप यांच्या वेळी काचेची जागा बऱ्याच अंशी फिल्मने घेतली होती, पण प्रकाश साठवण्याचे तत्त्व तेच होते. डिजिटल कॅमेऱ्याने तो लांब एक्स्पोजर लहान तुकड्यांत वाटला आणि डीपस्कायस्टॅकर, सिरिल यांसारखी मोफत सॉफ्टवेअर ते तुकडे धूमकेतूच्या डोक्यावर जुळवू लागली. शेपटीचा प्रकाश प्रत्येक फ्रेममध्ये जवळपास तोच असतो, नॉइज (प्रतिमेतले विस्कळीत ठिपके) मात्र दरवेळी वेगळा. म्हणून १६ फ्रेमच्या सरासरीत नॉइज चौथ्या हिश्श्यावर येतो, १०० फ्रेमच्या सरासरीत दहाव्या.

बुलढाणा जिल्ह्याच्या आकाशाला या पद्धतीची गरज का, हे अलीकडच्या दोन धूमकेतूंवरून कळते. निओवाइज जुलै २०२० मध्ये, ऐन पावसाळ्यात आला. ढगांच्या फटीतून मिळतील तेवढ्याच फ्रेम घ्यायच्या, तर लहान एक्स्पोजरच उपयोगी. त्सुचिन्शान-ॲटलास १२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या दिवशी, पृथ्वीपासून सुमारे ७ कोटी किलोमीटरवर होता. तो संध्याकाळी पश्चिमेला दिसू लागला आणि लगोलग कोजागरीचे चांदणे आले. दिवाळीच्या अंधाऱ्या रात्रींपर्यंत तो बराच मंदावला होता. अशी फिकट शेपटी एका फ्रेममध्ये हाती लागणे कठीण. ती साठवूनच मिळते.

डोळ्याला जे दिसत नाही ते खरे कसे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर याच जिल्ह्यात आहे. लोणारचे विवर ज्वालामुखीचे की उल्केच्या आघाताचे, हे नुसत्या पाहण्याने ठरले नाही. १९७३ च्या अभ्यासात तिथल्या बेसाल्टमध्ये प्रचंड धक्क्याने बनणारी मॅस्केलिनाइट ही काच दाखवली गेली, तेव्हा आघाताची बाजू पक्की झाली. डोळ्याला न दिसणारेही असे पुराव्याने खरे ठरते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तारे आणि धूमकेतू वेगवेगळे जुळवून नंतर एकत्र केले, तर तसे दृश्य कोणत्याही एका क्षणी आकाशात नव्हते. हे मान्यच करावे लागते. शेपटी तासातासाला बदलत असेल, तर दीर्घ सरासरीत तिचे बारकावेही पुसले जातात. पण दोष पद्धतीचा नाही, न सांगण्याचा आहे. म्हणून जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांनी पुढच्या धूमकेतूच्या वेळी छायाचित्राखाली ठिकाण, वेळ, फ्रेमची संख्या आणि जुळवणीची रीत लिहावी, आणि मूळ फ्रेम जपून ठेवाव्यात.