अखेरचा हंगाम

खेळाच्या जगांत दोन प्रकारचे दिवस असतात. एक उत्सवाचा. त्या दिवशीं, ज्यांनीं जन्मांत कधीं चेंडूला पाय लावला नाहीं तेहि तिकिटासाठीं रांगेंत उभे राहतात. दुसरा दिवस साधा असतो. आभाळ भरून आलेलें असतें, समोरचा संघ फारसा नांवाजलेला नसतो, आणि सामना चुकला तरी कोणी विचारणार नसतें. आपल्याकडील नाटकमंडळ्यांच्या चालकांना हा फरक चांगला ठाऊक होता. पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह भरतें तें कुतूहलानें; पन्नासाव्या प्रयोगाला किती माणसें येतात त्यावर मंडळीचा मुक्काम वाढावयाचा कीं बिऱ्हाड हलवावयाचें हें ठरतें. अमेरिकेंतील स्त्रियांच्या पहिल्या धंदेवाईक फुटबॉल लीगनें २००३ सालीं आपला तिसरा आणि अखेरचा हंगाम खेळला. त्या हंगामाची हकीकत ही अशा साध्या दिवसांची हकीकत आहे.

प्रथम लीग म्हणजे काय तें पाहूं. बाद पद्धतीच्या स्पर्धेंत हरणारा संघ त्याच दिवशीं घरीं जातो. लीगमध्यें प्रत्येक संघ इतर सर्व संघांशीं, कधीं आपल्या गांवीं तर कधीं त्यांच्या गांवीं, ठरल्या क्रमानें पुन्हां पुन्हां खेळतो. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. आणि अखेरीस गुणांच्या बेरजेवरून संघांचा क्रम लागतो. हे सामने वसंतांत सुरू होऊन उन्हाळा सरेपर्यंत चालतात. तेवढे सर्व महिने खेळाडूंचें वेतन, प्रवास, औषधोपचार आणि मैदानाचें भाडें हा खर्च अखंड चालू असतो. तो भागविणारें उत्पन्न मुख्यतः तीन वाटांनीं येतें: तिकिटें, जाहिरात करणाऱ्या कंपन्या आणि टेलिव्हिजन. यांतील एक वाट आटली तर उरलेल्या दोहोंवर भार पडतो. दोन आटल्या तर मालकांच्या खिशांतील भांडवलावर.

या लीगचा जन्म मात्र एका मोठ्या उत्सवाच्या दिवसांतून झाला. अमेरिकेंत १९७२ सालीं एक कायदा झाला. सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना स्त्री-पुरुष असा भेद करून कोणासहि वगळतां येणार नाहीं, असा त्याचा आशय. त्यामुळें शाळांना आणि विद्यापीठांना मुलींच्या खेळांसाठीं जागा व पैसा देणें भाग पडलें. तेथील लोक ज्याला सॉकर म्हणतात तो आपला फुटबॉल हजारों मुली खेळूं लागल्या. एका पिढीनंतर त्याचें फळ दिसलें. १० जुलै १९९९ रोजीं पॅसाडीना येथील रोझ बोल या प्रचंड क्रीडांगणांत स्त्रियांच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. अमेरिका आणि चीन यांची गोलाविना बरोबरी झाली आणि पेनल्टी घेऊन निकाल लावावा लागला. ब्रँडी चॅस्टेन हिनें अखेरची पेनल्टी जाळ्यांत मारली तेव्हां ९०,१८५ प्रेक्षक तो क्षण डोळ्यांनीं पाहत होते.

एवढ्या लोकांना जर हा खेळ आवडतो, तर वर्षानुवर्षें चालणारी लीग कां काढूं नये? हा प्रश्न अगदीं स्वाभाविक होता. डिस्कव्हरी या टेलिव्हिजन-कंपनीचे संस्थापक जॉन हेन्ड्रिक्स यांनीं पुढाकार घेतला, कांहीं मोठ्या केबल-कंपन्यांनीं भांडवल दिलें, आणि फेब्रुवारी २००० मध्यें ‘विमेन्स युनायटेड सॉकर असोसिएशन’ या नांवानें लीग स्थापन झाली. जगज्जेत्या संघांतील वीस जणींना संस्थापक म्हणून तींत भाग देण्यांत आला. सर्वच खेळाडू पगारी असलेली स्त्रियांची ही जगांतील पहिली लीग. १४ एप्रिल २००१ रोजीं वॉशिंग्टन येथें पहिला सामना झाला. त्याला ३४,१४८ प्रेक्षक होते. आरंभ याहून चांगला कोणता असणार?

परंतु येथेंच एक गोष्ट नजरेआड झाली. रोझ बोलवर जमलेले लोक एका विशिष्ट संघासाठीं, आपल्या देशाच्या संघासाठीं, आले होते. लीगसाठीं तो संघ मोडून त्यांतील खेळाडू आठ शहरांत वाटून द्यावे लागले. प्रत्येक गांवाच्या वांट्याला ओळखीच्या दोघी-तिघी आल्या. बाकीचीं नांवें प्रेक्षकांना नवीं होतीं. देशाचा अभिमान तयारच असतो. गांवच्या संघाची ओढ मात्र नव्यानें लावावी लागते, आणि ती लागावयाला वर्षें जातात.

२००३ च्या वसंतांत तिसरा हंगाम सुरू झाला तेव्हां या आठ संघांचीं ठाणीं अशीं होतीं: बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, कॅरोलायना, अटलांटा, सॅन डिएगो आणि सॅन होझे. प्रत्येकानें एकवीस सामने खेळावयाचे, आणि पहिल्या चौघांनीं उपांत्य फेरींत जावयाचें, असा क्रम होता. खेळाचा दर्जा पाहिला तर हा हंगाम कोणत्याहि मोजमापानें उणा नव्हता. जगांतील उत्तमोत्तम खेळाडू येथें जमल्या होत्या. जर्मनीची बिर्गिट प्रिन्झ कॅरोलायनाकडून, इंग्लंडची केली स्मिथ फिलाडेल्फियाकडून, तर जपानची होमारे सावा अटलांटाकडून खेळत होती. यांपैकीं पुष्कळ जणींच्या मायदेशीं स्त्रियांना फुटबॉलवर पोट भरतां येईल अशी सोय नव्हती. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळीं खेळावयाचें, हाच तेथील रिवाज होता. सकाळीं उठून सराव हेंच आपलें काम असणें, हा अनुभव त्यांना या लीगनें दिला.

हंगामांतील मोठें आश्चर्य म्हणजे बोस्टनचा संघ. आधींच्या दोन वर्षांत पहिल्या चारांतहि न आलेला हा संघ या वर्षीं गुणांच्या तक्त्यांत सर्वांच्या वर राहिला. क्रिस्टीन लिली ही जगज्जेत्या संघांतील अनुभवी खेळाडू, आणि तिच्या जोडीला जर्मनीची मॅरेन माइनर्ट व नॉर्वेची डाग्नी मेल्ग्रेन. हंगामांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू हा मान माइनर्टला मिळाला. उलट आदल्या वर्षीचा विजेता कॅरोलायना पहिल्या चौघांत येऊं शकला नाहीं. लीगची खरी गोडी याच उलाढालींत असते. पण ती कळावयाला प्रेक्षकानें मागचीं वर्षें पाहिलेलीं असावीं लागतात.

चौथ्या क्रमांकानें उपांत्य फेरींत शिरलेल्या वॉशिंग्टनकडे दोन आक्रमक खेळाडू होत्या. मिया हॅम ही त्या काळीं जगांतील सर्वांत प्रसिद्ध फुटबॉल खेळणारी स्त्री. तिच्या शेजारीं ॲबी वॉम्बॅक ही तेवीस वर्षांची, उंच बांध्याची, हवेंतून येणारा चेंडू डोक्यानें गोलांत घालण्यांत पटाईत अशी तरुणी. ती आदल्याच वर्षीं विद्यापीठांतून आली होती. एक पिढी मावळतीकडे झुकलेली आणि दुसरी उगवती, अशा त्या दोघी एकमेकींना चेंडू देत खेळल्या. उपांत्य सामन्यांत वॉशिंग्टननें बोस्टनला बाहेर काढलें, आणि २४ ऑगस्ट २००३ रोजीं सॅन डिएगो येथें अटलांटाशीं अंतिम सामना झाला. ठरलेल्या वेळेंत बरोबरी झाली. जादा वेळेंत वॉम्बॅकनें गोल केला आणि वॉशिंग्टननें २-१ असा विजय मिळविला. वॉशिंग्टनचे दोन्ही गोल तिचेच. हीच वॉम्बॅक २०१५ सालीं निवृत्त झाली तेव्हां तिच्या नांवावर आंतरराष्ट्रीय सामन्यांतील १८४ गोल होते. तोंवर तितके कोणीहि केलेले नव्हते.

त्या अंतिम सामन्याला मात्र सुमारें ७,००० प्रेक्षक होते, आणि त्या क्रीडांगणांत जागाहि जवळजवळ तेवढीच होती. रोझ बोलच्या दिवसाला अवघीं चार वर्षें झालीं होतीं.

आतां जमाखर्चाकडे वळूं. पांच वर्षें पुरावें म्हणून उभारलेलें चार कोटी डॉलरांचें भांडवल पहिल्याच वर्षांत संपलें. तीन वर्षांत मिळून सुमारें दहा कोटी डॉलर खर्चीं पडले. प्रेक्षकांची सरासरी पहिल्या वर्षीं आठ हजारांच्या वर होती, ती तिसऱ्या वर्षीं सुमारें ६,७०० वर आली. हा आंकडा लज्जास्पद मुळींच नव्हे. पण साधा गुणाकार करून पाहा. आठ संघ, प्रत्येकाचे एकवीस सामने, म्हणजे हंगामांत एकंदर ८४ सामने. सरासरी ६,७०० धरली तर साडेपांच लाखांहून थोडीं अधिक तिकिटें होतात. तिकीट दहा डॉलरांचें आहे असें समजलें, तरी उत्पन्न ५६ लाख डॉलरांच्या आसपास येतें. एकट्या पहिल्या वर्षाचा खर्च होता चार कोटींचा. तिकिटांच्या बळावर ही लीग कधींच चालणार नव्हती, हें या आंकड्यांवरून उघड होतें.

मग उरल्या जाहिराती आणि टेलिव्हिजन. प्रत्येकी सुमारें २५ लाख डॉलर देणाऱ्या आठ मोठ्या कंपन्या मिळतील, असा चालकांचा अंदाज होता, मिळाल्या दोनच. टेलिव्हिजनवरील सामने पहिल्या वर्षीं मोठ्या केबल-वाहिनीवर दिसले, नंतर ते शनिवारीं दुपारीं एका लहान वाहिनीवर गेले. दुर्दैव असें कीं, ज्या मुलींसाठीं व त्यांच्या आईबापांसाठीं ही लीग काढली होती, तीं कुटुंबें शनिवारीं दुपारीं स्वतःच मैदानावर असत, कारण मुलींचे सामने त्याच वेळीं होत. प्रेक्षक थोडे म्हणून जाहिरातदार येत नाहींत, जाहिरातदार नाहींत म्हणून चांगली वेळ मिळत नाहीं, आणि चांगली वेळ नाहीं म्हणून प्रेक्षक वाढत नाहींत, असें हें चक्र.

खेळाडूंना याची कल्पना नव्हती असें नाहीं. तिसऱ्या हंगामापूर्वीं संस्थापक खेळाडूंनीं आपलें वेतन स्वतः कमी करून घेतलें. ज्या वर्षाला सुमारें ८५,००० डॉलर घेत, त्या सुमारें ६०,००० वर आल्या. संघांतील जागाहि कमी करण्यांत आल्या. एवढें करूनहि तोंडमिळवणी झाली नाहीं. १५ सप्टेंबर २००३ रोजीं लीग स्थगित झाल्याचें जाहीर झालें. पुढची जागतिक स्पर्धा अमेरिकेंतच, २० सप्टेंबरला, सुरू व्हावयाची होती. साऱ्या देशाचें लक्ष स्त्रियांच्या फुटबॉलकडे लागावयाला पांच दिवस उरले असतां त्या फुटबॉलचें रोजचें घर बंद झालें. राष्ट्रीय संघांतील खेळाडूंना निदान तो संघ होता. बाकीच्या जणींपैकीं कोणी परदेशीं गेल्या, कोणी हौशी संघांत परतल्या, तर कोणी बूट कायमचे ठेवून दिले. पंचविशीच्या आसपास, खेळ ऐन भरांत असतां सुटलेलीं तीं वर्षें पुन्हां मिळावयाचीं नव्हतीं.

त्या स्पर्धेंत काय झालें तेंहि सांगण्याजोगें आहे. उपांत्य सामन्यांत जर्मनीनें अमेरिकेचा ३-० असा पराभव केला, आणि पुढें स्वीडनला हरवून जगज्जेतेपद मिळविलें. त्या जर्मन संघांत कॅरोलायनाची प्रिन्झ होती. अंतिम सामन्यांत बरोबरीचा गोल केला तो बोस्टनच्या माइनर्टनें. अमेरिकेनें काढलेल्या लीगमध्यें घासून धारदार झालेल्या खेळाडूंकडूनच अमेरिका हरली. लीगनें खेळ किती वाढविला होता, याचें याहून बोलकें प्रमाण कोणतें देणार?

पुढें २००९ सालीं दुसरी लीग निघाली; तीहि तीन हंगामांनंतर २०१२ सालीं बंद झाली. तिसरा प्रयत्न २०१३ मध्यें ‘नॅशनल विमेन्स सॉकर लीग’ या नांवानें झाला, आणि तो टिकला. या वेळीं चालकांनीं हात आंखडता घेतला. राष्ट्रीय खेळाडूंचें वेतन अमेरिका, कॅनडा व मेक्सिको येथील फुटबॉल-महासंघांनीं उचललें. इतरांचें वेतन हंगामाला ६,००० ते ३०,००० डॉलर, आणि क्लबानें यासाठीं द्यावयाची एकंदर रक्कम दोन लाखांच्या आंत. म्हणजे ही लीग टिकली ती बव्हंशीं खेळाडूंच्या पोटाला चिमटा घेऊन. ज्या मुलीला महिन्याचें भाडें भरण्याची भ्रांत, ती शिक्षकानें अपमान केला किंवा त्याहून वाईट वर्तन केलें तरी तक्रार कोठें करणार? २०२१ सालीं अनेक जणींनीं तोंड उघडलें, चौकशी झाली, आणि २०२२ च्या अहवालानें हे गैरप्रकार सर्रास चालत होते असें दाखवून दिलें. त्याच वर्षीं खेळाडूंच्या संघटनेनें लीगशीं पहिला सामुदायिक करार केला, आणि किमान वेतन ३५,००० डॉलर ठरलें. २०२३ च्या नोव्हेंबरांत टेलिव्हिजनच्या हक्कांसाठीं चार वर्षांचे २४ कोटी डॉलर मिळाले. मार्च २०२४ मध्यें कॅन्सस सिटी येथें केवळ स्त्रियांच्या धंदेवाईक संघासाठीं बांधलेलें ११,५०० जागांचें क्रीडांगण उघडलें.

हे आंकडे पाहून २००३ च्या लीगला अयशस्वी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. तिचे चालक हिशेबांत चुकले हें खरेंच; एका उत्सवाच्या दिवशीं जमलेला समुदाय त्यांनीं प्रत्येक शनिवारचा प्रेक्षक समजून खर्च केला. परंतु स्त्रीच्या खेळाला कामाचा दर्जा आणि त्याचें वेतन द्यावें, हें त्यांनीं प्रथम मान्य केलें, आणि नंतरच्या काटकसरी चालकांना तेथवर परत यावयाला बरींच वर्षें लागलीं. त्या तिसऱ्या हंगामांत बोस्टनला किंवा अटलांटाला मैदानावर आलेले ते साडेसहा-सात हजार लोक हिशेबाच्या दृष्टीनें थोडे होते. तरीहि सामना कोणाशीं आहे हें न विचारतां, मुलीचा हात धरून, दर खेपेस येणारे लोक त्यांतच होते. कोणताहि खेळ अखेर अशाच लोकांवर उभा राहतो. त्यांची संख्या वाढेपर्यंत कोणीतरी धीर धरावा लागतो, आणि त्या धीराची किंमत एकट्या खेळाडूंकडून वसूल करूं नये, एवढेंच या हंगामाच्या निमित्तानें सांगावयाचें आहे.