पंप अडवणारा सोबती

दारुहळदीची मुळी कापली की आतून पिवळीजर्द निघते. तो रंग बर्बेरिनचा. गळवे पिकवणाऱ्या, जखमा चिघळवणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूवर एकटे बर्बेरिन मात्र फारसे चालत नाही. जंतूच्या आवरणात नॉर-ए नावाचा पंप असतो. गळक्या होडीतले पाणी नावाडी उपसतो, तसे आत शिरलेले औषध हा पंप बाहेर फेकत राहतो.

अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ फ्रँक स्टर्मिट्झ आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ किम लुईस यांनी २००० साली दारुहळदीच्याच कुळातल्या तिकडच्या झुडपांत एक दुसरे द्रव्य दाखवले. एकट्याने ते जंतू मारत नाही, फक्त पंप अडवते. मग बर्बेरिन आत साठते आणि जंतूची वाढ खुंटते. एकाच झाडात मारणाराही आहे आणि त्याची वाट मोकळी करणाराही! या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा शोध मला हाच वाटतो, कारण त्याने आपली शोधायची रीतच उणी ठरवली. अर्काचे अंश वेगळे करायचे, एकेक जंतूवर घालायचा, जो मारत नाही तो टाकून द्यायचा; या चाळणीतून असा सोबती नेहमीच निसटणार.

आता जोड्या एकत्र तपासतात. बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटीत एका अर्काची मात्रा आडवी वाढवत नेतात, दुसऱ्याची उभी. दोघे मिळून पुष्कळ कमी मात्रेत काम करत असतील, तरच ती खरी जोडी.

२०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंनी जगभरात थेट सुमारे १२ लाख ७० हजार बळी घेतले, असा अंदाज आहे. म्हणून जुन्या पोथ्याही उघडल्या गेल्या. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात दहाव्या शतकातल्या हस्तलिखितातले डोळ्यांचे औषध २०१५ मध्ये पुन्हा करून पाहिले: लसूण, कांद्याच्या जातीचा दुसरा कंद, द्राक्षाची दारू आणि बैलाचे पित्त, नऊ रात्री मुरवलेले. मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस त्याने मेला. सुटे जंतू एकट्या लसणानेही मरत होते. चिकट थरात दडलेल्यांना मात्र सगळे मिश्रणच लागले.

पण बशीतला विजय रुग्णाच्या रक्तात टिकेलच असे नाही. बर्बेरिन आतड्यातून फार थोडे शोषले जाते. शिवाय झाडाची जात, माती, ऋतू बदलला की अर्क बदलतो. म्हणून माझी अधिक आशा जखमेवरच्या लेपांवर आहे.

आपल्याकडे मिरी-पिंपळीतल्या पायपरिनवर जम्मूच्या प्रयोगशाळेत काम झाले. ते नॉर-ए पंप अडवते, सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा जोर वाढवते. क्षयावरच्या रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० मिलिग्रॅमवरून २०० वर आणणारी गोळीही पायपरिन घालूनच झाली. तिथे काम वेगळे आहे: जंतूचा पंप अडवण्याचे नव्हे, औषध शरीरात अधिक पोचवण्याचे. दोन्हींची गल्लत करू नये.

चरकसंहितेत पिंपळीला योगवाही म्हटले आहे, म्हणजे ज्याच्या सोबत जाईल त्याचा गुण वाहून नेणारी. त्या ग्रंथाच्या विमानस्थान या भागातल्या पहिल्या अध्यायात पिंपळी, क्षार आणि मीठ अति सेवू नये असेही बजावले आहे. पायपरिन यकृतातली औषधे मोडणारी विकरेही रोखते. फिटांसाठी फेनिटॉइन घेणाऱ्याच्या रक्तात त्यामुळे त्या औषधाची पातळी चढते.