भुईमुगाचे विष आणि संगणकावरील खेळ

ओलसर राहिलेल्या भुईमुगाच्या शेंगांवर अॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढते व अफ्लाटॉक्सिन हे विष दाण्यात उतरते, ही गोष्ट सभांतून वारंवार सांगावी लागते. श्रोते मान डोलावतात. परंतु जे डोळ्यांना दिसत नाही ते नुसते सांगून मनात ठसत नाही. याच विषासंबंधी परदेशात योजलेला एक खेळ शेतकरी बंधूंनी जाणून घेण्याजोगा आहे.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २००८ साली ‘फोल्डइट’ हा संगणकावर खेळावयाचा खेळ सर्वांस खुला केला. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी होय. ती कशी दुमडते यावर तिचे कार्य अवलंबून असते. सजीवांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारी विकरे हीही बहुतांशी प्रथिनेच. खेळाडू पडद्यावर ही साखळी ओढतो, वळवितो, हलवून पाहतो. दोन भाग एकमेकांत घुसले की तेथे लाल काटेरी गोळा उमटतो व गुण घटतात. पाण्यास टाळणारे भाग आत दडले की गुण वाढतात.

खरे मर्म येथेच आहे. जी घडी निसर्गात अधिक स्थिर ठरावी तिलाच अधिक गुण मिळतात. म्हणजे खेळाचा नियम तोच रसायनशास्त्राचा नियम. धड्याखाली प्रश्न आणि बरोबर उत्तरास टाळ्या, एवढ्यावर थांबणाऱ्या खेळांत नेमके हेच राहून जाते. आरंभीची कोडी लहान असून साधने एकेक करून हाती दिली जातात. नवा गोऱ्हा जुवाला लावताना आपणही पहिल्याच दिवशी त्याला नांगर ओढावयास लावीत नाही!

माकडांतील एका विषाणूच्या विकराची रचना दहा वर्षांहून अधिक काळ उलगडली नव्हती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार, तिच्या उकलीस उपयोगी पडलेला नमुना या खेळाडूंनी सुमारे तीन आठवड्यांत तयार केला. पुढे २०१७ च्या ऑक्टोबरात अफ्लाटॉक्सिनचे कोडे घालण्यात आले : विकराची घडण अशी बदलावी की, ते या विषाच्या रेणूस धरून मोडील. निवडक रचना डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासावयाच्या, अशी योजना होती.

मराठीत असा खेळ रचावयाचा तर त्यात शेंगांतील ओलावा हाच गुणांचा आधार असावा. ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत वाळवण चालावे, मध्येच अवकाळी सर यावी, आणि बाजारभाव उतरू लागल्याचा निरोपही यावा. कारण ओल्या शेंगा पोत्यात भरण्याची घाई तेथूनच सुरू होते.