मनाची टोचणी

बडोदे सोडून मी गाणे शिकवायला निघालो, तेव्हा जुने स्नेही थट्टेने म्हणाले, "दादरा शिकवायला दादऱ्यालाच जावे लागले का?" त्याच गावच्या वर्गात गेल्या महिन्यात तंबोऱ्याचा भोपळा तडकलेला आढळला. मी एका मुलाला बोल लावले. संध्याकाळी दुसराच दाराशी येऊन उभा. "सर, तो नव्हता; माझा धक्का लागला." कोणी पाहिले नव्हते, पण त्याला घास गिळवेना.

मी त्याला काय रागावणार? वडील राजवाड्यात गात. त्यांच्या तंबोऱ्याची खुंटी लहानपणी माझ्या हातून मोडली आणि शिक्षा मी घरच्या गड्याला होऊ दिली. आज वडील नाहीत, गडीही नाही. कबुली तेवढी राहून गेली.

ही टोचणी ज्यांना ठाऊकच नाही, अशीही माणसे असतात. अमेरिकन मनोवैद्य हर्वी क्लेक्ली यांनी १९४१ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला आणि शहाणपणाचा मुखवटा या अर्थाचे नाव त्याला दिले. ही माणसे वेडी नसतात. बोलणे गोड, नियम तोंडपाठ. बरेवाईट त्यांना कळते. भिडत मात्र नाही. सापडल्याचा राग येतो, केल्याची खंत येत नाही. अर्थात असे सारेच खुनी होतात, असे नव्हे.

आम्हा कलाशिक्षकांना एक अभिमान असतो, की कलेने माणूस सुसंस्कृत होतो. १९७६-७७ साली पुण्यात दहा खून करणारे चौघे कलाशाळेत शिकत होते. १ डिसेंबर १९७६ च्या रात्री कुटुंबासह बळी पडलेले काशिनाथशास्त्री अभ्यंकर आपल्याला परके नव्हते. त्यांचा संस्कृत व्याकरणकोश १९६१ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानेच प्रसिद्ध केला होता. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी चौघांना येरवड्यात फाशी झाली. त्यांपैकी मुनव्वर शहाने तुरुंगात आत्मकथन लिहिले. त्याच्या नावातच अपराधाची कबुली आहे. त्यांच्या मनाचे निदान करण्याचा मला अधिकार नाही. एवढेच दिसते, की बोटांना रेषा किंवा सूर शिकवता येतो. पण हात वेळेवर आवरणारी टोचणी निराळीच.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने वर्गापुढे सारे सांगितले. मग ज्याला मी उगीच बोललो होतो, त्याची मीही सर्वांदेखत क्षमा मागितली. गड्याची मागायची राहिली होती, ती त्यात थोडी होती. मुले क्षणभर गप्प बसली. मग दादऱ्याचा ठेका सुरू झाला.