पेंढा, गोणपाट, थर्माकोल: कोल्हापूरच्या गारव्याची साठ वर्षं

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर आवरणाचा प्रश्नच येत नाही. म्हैस समोर उभी, चरवी खाली, आणि धार काढून झाली की फेसासकट पेला गिऱ्हाइकाच्या हातात. तालमीतून आलेली पोरं उभ्या उभ्या पिऊन वाटेला लागतात. दुधाला नासायला सवडच मिळत नाही. पण सगळ्या जिल्ह्याचं दूध काही कट्ट्यावर संपण्यासारखं नव्हतं. ते मुंबईला विकायचं ठरलं आणि अंतर, ऊन आणि वेळ या तिघांशी एकदमच गाठ पडली.

कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आपला गोकुळ, १६ मार्च १९६३ रोजी स्थापन झाला. पुढं १९६८ मध्ये तात्यासाहेब कोऱ्यांच्या वारणा खोऱ्यात तिथला दूध संघ उभा राहिला. त्या काळाचं साधन म्हणजे कॅन. गावच्या संस्थेत माप आणि फॅट झालं की दूध कॅनमध्ये, कॅन गाडीत आणि गाडी शीतकरण केंद्राच्या दिशेनं. धारेचं दूध साधारण ३७ अंशांचं असतं आणि जिवाणूंना तेच तापमान मानवतं. चैत्र-वैशाखात गाडी वाटेत बंद पडली तर काही तासांतच दूध आंबायला लागायचं. कॅनचा पत्रा ऊन अडवत नाही, उलट आत घेतो. मग कॅनवर टाकायचं ते ओलं गोणपाट.

ही युक्ती एकट्या कोल्हापूरची नाही. १९४५ मध्ये मुंबईच्या दूध योजनेसाठी आणंदहून दूध येऊ लागलं, तेव्हाही कॅनभोवती गोणपाट गुंडाळून त्यावर गार पाणी ओतत असत. आज ते गावठी वाटेल, पण त्यामागचा हिशेब पक्का आहे. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, त्याच्या सातपट उष्णता एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना घेऊन जातं. अट एकच, हवा कोरडी हवी. देशावरच्या उन्हाळ्यात गोणपाट कामाला येतं; कोकणच्या दमट हवेत किंवा आषाढाच्या झडीत ते नुसतंच ओलं राहतं.

गोणपाटाची सद्दी संपवली ती टँकरनं. स्टेनलेस स्टीलच्या दोन भिंती आणि त्यांच्यामध्ये पफचा, म्हणजे पॉलियुरेथेन फोमचा थर. चार अंशांपर्यंत गार केलेलं दूध त्यात भरलं की पावणेचारशे किलोमीटरवरच्या मुंबईपर्यंत ते एखाद-दुसऱ्या अंशानंच चढतं. वाटेत गार करणारं यंत्र लागत नाही. यात पफचं श्रेय आहे तसं आकाराचंही आहे. हजारो लिटर दूध एकत्र असलं की त्याच्या मानानं बाहेरच्या हवेला भिडणारी बाजू फारच थोडी उरते, म्हणून मोठ्या साठ्यातला गारवा आपोआप टिकतो. पुढं गावोगावी बल्क कूलर बसले, दूध संस्थेतच थंड व्हायला लागलं आणि कॅनचा प्रवास आखूड झाला.

टँकर वाशीला रिकामा होतो, धुतला जातो आणि परत फिरतो. पफ काही मातीत कुजणारा नाही, पण तोच थर वर्षानुवर्षं रोज कामाला येतो. पिशव्यांच्या क्रेटचंही तसंच. पहाटे भरलेले क्रेट दुकानात उतरतात आणि कालचे रिकामे त्याच टेम्पोत चढतात. क्रेट कमी आला की एजंटाच्या खात्यावर मांडला जातो, त्यामुळं तो हरवत नाही. अडतं ते पिशवीपाशी. २३ मार्च २०१८ च्या महाराष्ट्राच्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला सूट मिळाली, ती अटी घालून: जाडी किमान ५० मायक्रॉन आणि पिशवी परत केल्यावर किमान ५० पैसे. कल्पना चांगलीच होती. पण दुकानात रिकामी पिशवी पुढं करून पन्नास पैसे मागणारं गिऱ्हाईक मी तरी पाहिलेलं नाही. पिशव्या परत जातात त्या धुऊन, वाळवून, किलोवर भंगारवाल्याकडे. सरकारी ठेवीपेक्षा भंगाराचा भाव जास्त विश्वासाचा ठरला.

दूध कोल्हापुरातून बाहेर जातं, तर मासळी आणि आंबा घाट चढून आत येतात.

मालवण-रत्नागिरीची मासळी आंबा घाटानं, गगनबावड्यानं वर येते. टोपली, बर्फ आणि लाकडाचा भुसा हा तिचा जुना सरंजाम. अशा थराची ताकद जगानं १८३३ मध्येच पाहिली होती. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं तळ्यावरचा १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला आणि चार महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर त्यातला सुमारे १०० टन शाबूत पोचला. पुढच्याच वर्षी तो बर्फ मुंबईतही उतरला. त्या जहाजात यंत्र नव्हतं, बर्फाभोवतीच्या थरात अडकलेली हवा होती. भुसा, पेंढा, लोकर, थर्माकोल, सगळ्यांची करामत हीच: हवेला कोंडून स्थिर बसवायचं. कोरड्या भुशातून उष्णता थर्माकोलच्या साधारण दुपटीनं शिरते, म्हणजे थर दुप्पट जाड केला की बरोबरी होते. भुशाचा दोष एवढाच की भिजला की तो कामातून जातो, आणि मासळीच्या टोपलीत तो भिजणारच.

आंब्याचं गणित उलटं आहे. शाहू मार्केट यार्डात हापूसची लाकडी पेटी फोडली की आधी बाहेर येतं ते भाताचं पिंजर. फळ झाडावरून उतरलं तरी श्वास घेत असतं, स्वतःची ऊब सोडत असतं. त्याला बंद खोक्यात कोंडलं की ते पिकण्याऐवजी सडतं. पेंढा धक्के झेलतो, उन्हाची धग अडवतो आणि फळ्यांच्या फटीतून वाराही खेळू देतो. माल विकला की पिंजर गोठ्यात जायचं आणि पेटीच्या फळ्या बंबात. आंघोळीचं पाणी तापायचं आणि उकिरड्यावर काही उरायचं नाही. पुढं भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे खोके आले. २०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद पडल्यावर बागायतदारांनी थेट घरपोच पेट्या धाडल्या, तेव्हा या खोक्यांचा खरा जम बसला. पुठ्ठ्यालाही रद्दीत भाव आहे, म्हणून तोही वाटेवर पडून राहत नाही.

मासळीला मात्र भुशानंतर थर्माकोल मिळाला आणि त्यानं सगळ्यांना मागं टाकलं. हलका, स्वस्त, पाण्याला न भिणारा. आजचं खोकं जवळून बघा: झाकणाभोवती तपकिरी चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे, बाजूला स्केचपेननं गिऱ्हाइकाचं नाव, आणि तळाच्या कोपऱ्यात खिळ्यानं पाडलेलं भोक. ते भोक पाडणारा शहाणा, कारण वितळलेलं पाणी निघून गेलं नाही तर खालच्या थरातली मासळी पाण्यात भिजून मऊ पडते. खोकं एका फेरीत कोपऱ्यावर फुटतं, वास धरतं आणि दुसऱ्या फेरीला नको होतं.

आणि ते भंगारवालाही घेत नाही. थर्माकोलमध्ये जवळजवळ ९८ टक्के हवा असते. टेम्पोभर गोळा केला तरी वजन काट्यावर दिसायला मारामार, मग पुनर्वापराच्या कारखान्यापर्यंतचं डिझेल कुठून सुटणार? जी हवा गारवा राखते, तीच त्याची परतीची वाट अडवते. २०१८ च्या बंदीनं थर्माकोलच्या पत्रावळ्या, वाट्या आणि गणपतीची मखरं यांच्यावर गदा आणली. मासळीबाजारात खोकी दिसायची काही थांबली नाहीत, कारण त्या भावात दुसरं काही कुणी हातात दिलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानं आणखी एक गोष्ट दाखवली. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या वेळी राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, टँकर जागच्या जागी थांबले, संकलन बंद पडलं आणि मुंबईत दुधाची ओढाताण झाली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. रस्ताच तुटला की कितीही जाड पफ काय कामाचा? थर वेळ विकत घेतो, रस्ता नाही.

पर्याय म्हटलं की या जिल्ह्यात पहिलं बोट उसाकडे जातं. चोथ्याच्या ताटल्या, वाट्या बाजारात आहेत. पण चोथा इथं फुकटचा नाही. गुऱ्हाळात वाळलेलं चिपाड काहिलीखाली जळतं आणि कारखान्यात त्यावर वीज होते. त्याला चुलवाणापेक्षा चांगला भाव मिळाला, तरच तो खोक्यात येईल.

खरा पडून असलेला माल दुसराच आहे, दख्खनी मेंढीची लोकर. पट्टणकोडोलीत विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर ती उधळली जाते. घोंगडीसाठी सूत कातून, ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन ती मागावर चढायची. घोंगडीचं गिऱ्हाईक घटलं आणि ही भरड लोकर मातीमोल झाली. कातरणीची मजुरीही निघत नाही, अशी धनगरांची तक्रार असते. ब्रिटनमध्ये वूलकूलसारख्या कंपन्या खोक्यात घालायच्या लोकरीच्या गाद्या बनवतात आणि त्या खोक्यांतून मांस आणि चीज घरोघर जातं. लोकर उष्णता अडवण्यात थर्माकोलच्या जवळपास जाते, दमटपणा पिऊन घेते आणि शेवटी मातीत जाते. घोंगडी पावसात ऊब देते, हे धनगराला कुणी शिकवायला नको. धुणं, पिंजणं आणि गादीला वरून कागदी किंवा कापडी खोळ घालणं, एवढी सोय इचलकरंजीसारखं कापडाचं गाव शेजारी असताना अशक्य नाही.

तरीही साठ वर्षांच्या या हिशेबात मला सगळ्यात मोठी रक्कम दिसते ती परतीची. कॅन, टँकर, क्रेट टिकले, कारण त्यांची फेरी ठरलेली होती आणि हरवलेल्या नगाचा भुर्दंड कुणाच्या तरी खात्यावर पडत होता. पेंढा आणि फळी टिकली नाहीत, पण दुसऱ्या कामाला लागली. थर्माकोल या दोन्हींत बसत नाही. म्हणून उपायही दोन लागतील. मालवण-कोल्हापूरसारख्या रोजच्या वाटेवर पफ भरलेले टणक डबे, अनामत घेऊन, परतीच्या रिकाम्या गाडीतून फिरवावेत. अनामत मात्र डबा परत आणायला भाग पाडेल एवढी हवी, पन्नास पैशांची नको. अनोळखी घरी एकदाच जाणाऱ्या पार्सलला लोकर किंवा पेंढा घालावा. खोकं कशाचं करायचं हे त्यानंतर ठरेल. ते परत कुणी आणायचं आणि त्याचं भाडं कुणी द्यायचं, हे आधी ठरायला हवं. दूध संघांनी आपल्या क्रेटपुरतं ते कधीच ठरवून टाकलं आहे. मासळीच्या आणि पार्सलच्या धंद्यानं ते अजून ठरवलेलं नाही.