आमची मोरी आणि दुसऱ्याचा जीव

आपल्या घरचा केर झाडून जो शेजाऱ्याच्या अंगणांत लोटतो, त्यास कोणी स्वच्छ म्हणत नाहीं. लोक त्यास दांडगा म्हणतात. परंतु तोच केर पाण्याबरोबर मोरींतून लोटून दिला म्हणजे गृहस्थ स्वच्छ ठरतो! हा न्याय अजब खरा. पण शहरांतील बहुतेक सुखवस्तु घरांत जेवणें उरकल्यावर दोन्ही वेळां तो चालूं असतो. मोरी तुंबणें ही घरगुती क्षुल्लक अडचण; तिच्यावर वर्तमानपत्राचे रकाने खर्ची घालण्याचें कारण काय, असें पुष्कळांस वाटेल. कारण असें कीं, मोरींत आपण काय सोडतों याचा हिशेब शेवटीं कोणाच्या तरी जिवाशीं येऊन ठेपतो, आणि तो जीव आपला नसतो.

पूर्वीच्या घरांतून भांडीं राखेनें व नारळाच्या शेंडीनें घासलीं जात. खरकटें गुरांपुढें जाई. आणि सांडपाणी परसांतील अळवाच्या किंवा केळीच्या आळ्यांत मुरे. त्या व्यवस्थेंत दोष नव्हते असें नाहीं. डांसांचा सुकाळ होता, आणि उघड्या गटारांची घाण पावलोपावलीं नाकाशीं येई. पण तींत एक गुण होता: जें टाकलें तें टाकणाराच्या डोळ्यांसमोर राही. आतां नळ जमिनीखालीं गेला, आणि दृष्टीआड झालेली वस्तु नाहींशीच झाली असें आपण मानूं लागलों. वस्तु नाहींशी होत नाहीं. ती पुढें जाऊन बसते.

ती कशी बसते हें समजून घेण्याजोगें आहे. कढईंतलें तेल आणि तुपासायीच्या भांड्यांचा ओशटपणा ऊन पाण्यासरसा वितळून नळांत शिरतो. कांहीं हात पुढें गेल्यावर पाणी निवतें, आणि तो ओशट अंश नळाच्या कडांस धरतो. खोबरेल सुमारें २४ अंशांखालीं थिजतें. वनस्पति तूप तर एरवींच्या हवेंतही घट्ट असतें. या थरावर चहाचा चोथा, भाताचीं शितें, परातींतली कणीक व न्हाणींतले केंस येऊन चिकटतात. शिवाय तेलांतील आम्लांचा जड पाण्यांतील व सिमेंटाच्या गटारांतील चुन्याच्या अंशाशीं संयोग होऊन न विरघळणारा एक प्रकारचा साबण बनतो, आणि तो काळेंकरून दगडासारखा कठीण होतो. लंडन शहराच्या व्हाइटचॅपल भागांतील भुयारी गटारांत २०१७ सालीं असा एक गोळा सांपडला. त्याची लांबी सुमारें २५० मीटर व वजन अदमासें १३० टन होतें. तो फोडून काढण्यास कित्येक आठवडे लागले. चरबी आणि अंग पुसण्याचीं फेंकाऊ ओलीं फडकीं यांचा तो बनला होता. तो कोणा एका माणसानें टाकलेला नव्हता. असंख्य घरांनीं व खाणावळींनीं तो थोडा थोडा करून टाकला होता.

उपायही यावरूनच निघतो. मोरी वाहती राहते कीं तुंबते, याचा निकाल पाणी ओतण्यापूर्वींच, ताटापाशीं लागतो. ताटवाटी नळाखालीं धरण्यापूर्वीं खरकटें निपटून केराच्या डब्यांत टाकावें. कढई व तवा रद्दी कागदाच्या बोळ्यानें पुसून मग घासावा. तळणीचें उरलेलें तेल बाटलींत सांठवावें. मोरीच्या तोंडाशीं बारीक भोंकांची जाळी असावी व ती रोज उचलून झाडावी. पाणी लवकर जात नाहीं म्हणून जाळीच काढून ठेवणें म्हणजे आजची अडचण उद्यांवर ढकलणें होय. विंचरतांना निघालेलें गुंतवळ कागदांत गुंडाळून टाकावें. मोरीखालच्या नळास जो बांक दिलेला असतो, त्यांत थोडें पाणी सदैव उभें राहतें. त्या पाण्याच्या अडसरामुळें गटारांतील दुर्गंधि घरांत शिरत नाहीं. महिन्यांतून एकदां तो बांक साफ करावा. आणि जी मोरी वापरांत नसेल तींतही अधूनमधून तांब्याभर पाणी ओतावें, नाहीं तर अडसर वाळून जातो. इतकें करूनही मोरी तुंबलीच, तर रबरी वाटीच्या दट्ट्यानें पांचसहा वेळां दाब देऊन पाहावा.

तीव्र औषधांच्या नादीं मात्र लागूं नये. कॉस्टिक सोडा पाण्यांत पडतांच अतिशय तापतो. संडास धुण्याचें तेजाब व ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास क्लोरीन नांवाचा विषारी वायु सुटतो, आणि कोंदट न्हाणीघरांत तो प्राणावर बेतूं शकतो. एवढें करून अडलेलें न सुटलें, तर नळ उघडण्यास जो कारागीर येतो त्याच्या हातांवर व डोळ्यांत तेंच दाहक पाणी उडतें.

आमच्या व्यापारी वाचकांस येथें दोन शब्द अधिक सांगणें प्राप्त आहे. एका घराची कढई ती केवढी! पण भजीं, फरसाण व मिठाई यांच्या दुकानांचें आणि खाणावळींचें तेल गटारांत गेलें म्हणजे सबंध पेठ तुंबते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणानें २०१८ सालीं वापरलेलें तळणीचें तेल गोळा करवून त्याचें बायोडिझेल बनविण्याची योजना हातीं घेतली. म्हणजे जें तेल आपण मोरींत ओततों तो कारखान्याचा कच्चा माल आहे. मोरीच्या वाटेवर तेल अडविणारी लहान टांकी बसविण्यास जो खर्च येतो, तो दुकान दोन दिवस बंद ठेवण्याच्या नुकसानीशीं ताडून पाहावा; जमाखर्च जाणणाऱ्यास अधिक सांगणें नको.

आतां कोणी म्हणेल कीं, आम्ही कर भरतों. गटारें साफ ठेवणें हें नगरपालिकेचें काम आहे. आहेच! यंत्रें आणणें, तीं चालूं ठेवणें, गल्लीबोळांत शिरतील अशीं घेणें, हें तिचें कर्तव्य आहे, आणि त्याविषयीं तिला जाब विचारणें हें आमचें कर्तव्य आहे. परंतु करानें चाकरी विकत मिळते, चाकराचे प्राण मिळत नाहींत. इमारतीचें चेंबर तुंबलें म्हणजे पुष्कळ ठिकाणीं काय होतें? कोणास तरी निरोप जातो, शेंदोनशें रुपये जास्त देऊन सौदा ठरतो, आणि एक मनुष्य कमरेस दोर बांधून खालीं उतरतो. तेथें हायड्रोजन सल्फाइड नांवाचा वायु सांचलेला असतो. तो थोडा असतां सडक्या अंड्यासारखा वास येतो. पुष्कळ असतां नाकाची वास घेण्याची शक्तिच मारली जाते, आणि आतां घाण ओसरली असें वाटत असतांच मनुष्य कोसळतो. त्यास काढण्यास दुसरा उतरतो, तोही परत येत नाहीं.

यास कायद्याची मनाई आहे. २०१३ च्या कायद्यानें, जो त्या सालच्या ६ डिसेंबरास अमलांत आला, आवश्यक संरक्षक साधनांवांचून कोणासही गटारांत वा मैल्याच्या टांकींत उतरविणें हा गुन्हा ठरविला. पहिल्याच अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा त्यांत सांगितली आहे. आणि ती नगरपालिकेप्रमाणेंच तुम्हांआम्हांसही लागूं आहे. सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०२३ मध्यें अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. इतकें असूनही मनुष्य उतरतोच. आणि तो कोणत्या जातीचा, हें बहुधा विचारावें लागत नाहीं. जन्मावरून घाण वांटून देण्याची जी रूढि आम्ही सभांतून निषेधितों, तीच आमच्या तुंबलेल्या मोरीच्या पुढच्या टोंकास जिवंत आहे.

अप्पासाहेब पटवर्धन यांनीं १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत, भंगीकाम आपणांस करूं द्यावें म्हणून उपोषण केलें. त्यांस पाठिंबा देण्यासाठीं येरवड्यास गांधीजींनींही अन्न सोडलें. ब्राह्मण कुळांत जन्मलेल्या त्या पुरुषाचा प्रश्न साधा होता: माझी घाण दुसऱ्यानेंच कां काढावी? आमच्या वाचकांस कोणी उपोषणास बसण्यास सांगत नाहीं. कढई पुसून घ्यावी, जाळी झाडावी, मोरीचा बांक आपल्या हातानें धुवावा, आणि वेळ आलीच तर माणूस न उतरवितां यंत्र मागवावें, एवढेंच मागणें आहे. यांत बाटणारें कांहीं नाहीं. उलट, जो हात या कामास कचरतो त्यानें दुसऱ्यास त्यांत लोटण्याचा अधिकार कोठून आणला, हें प्रत्येकानें आपल्या मनास विचारावें.