गारखेड्याचे डॉ. हेडगेवार रुग्णालय

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा भागातील डॉ. हेडगेवार रुग्णालय हे ना-नफा तत्त्वावर चालणारे मराठवाड्यातील एक प्रमुख खासगी रुग्णालय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठान हा न्यास ते चालवतो. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या विचारांतून आलेल्या तरुण डॉक्टरांच्या एका गटाने १९८९ मध्ये मोजक्या खाटांनिशी त्याची सुरुवात केली. आज ते अनेक विशेष विभाग असलेले मोठे रुग्णालय आहे.

त्या काळातील मराठवाड्याची वैद्यकीय स्थिती पाहिली, की या प्रयत्नाची गरज लक्षात येते. निजामाच्या राजवटीतून हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला, तेव्हा तो शिक्षण आणि आरोग्य या दोन्ही बाबतींत बराच मागे होता. १९५६ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि त्याचे रुग्णालय, म्हणजे घाटी, गोरगरिबांचा मुख्य आधार बनले. मराठवाड्याबरोबरच बुलढाणा, जळगाव, नगर या शेजारच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण तेथे येत असल्याने घाटीवरचा ताण कायमच मोठा राहिला. चिकलठाणा आणि वाळूज येथील औद्योगिक वसाहतींमुळे शहरात कामगारांची वस्ती झपाट्याने वाढली. ज्यांना घाटीतील गर्दीत थांबणे परवडत नव्हते आणि खासगी दवाखान्याचे बिलही झेपत नव्हते, अशा कुटुंबांची संख्या मोठी होती. त्यांच्यासाठी मधला मार्ग हवा होता.

रुग्णालयाला आणि न्यासाला दिलेल्या नावांमागे त्या काळाची पार्श्वभूमी आहे. १९८९ हे डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या हेडगेवारांनी १९२५ मध्ये संघाची स्थापना केली होती. डॉ. आंबेडकरांची जन्मशताब्दीही जवळ आली होती. मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला. त्यानंतर उसळलेल्या दंगलींत दलित वस्त्या जळाल्या आणि नामविस्तार प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. हा वाद पेटलेला असताना याच शहरात एका वैद्यकीय न्यासाने आंबेडकरांचे नाव धारण केले, ही त्या काळातील लक्षणीय घटना होती.

ना-नफा रुग्णालय म्हणजे सगळ्यांना फुकट उपचार देणारे रुग्णालय, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात अशा रुग्णालयातही शुल्क आकारले जाते. फरक पडतो तो खर्च वजा जाता उरलेल्या पैशाचा. न्यासाला मालक किंवा भागधारक नसतात, त्यामुळे लाभांश वाटायचा प्रश्न येत नाही. शिल्लक रक्कम यंत्रसामग्री, इमारत आणि सवलतीचे उपचार यांवरच खर्च करावी लागते. इमारतीसारखे मोठे भांडवली खर्च बहुधा देणग्यांतून भागवले जातात आणि रोजचा कारभार रुग्णांच्या शुल्कावर चालतो. देणगीमुळे कर्जाचा बोजा कमी राहिला, की दर खाली ठेवता येतात.

याला कायद्याची चौकटही आहे. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यास १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी इतर रुग्णांच्या बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दाखवून रुग्णाला ही सवलत मागता येते. तातडीच्या प्रसंगी मात्र आगाऊ रकमेसाठी अडवून न ठेवता रुग्णाला लगेच दाखल करून घ्यावे लागते.

हेडगेवार रुग्णालयाचे वेगळेपण भिंतींबाहेरच्या कामात अधिक स्पष्ट दिसते. सावित्रीबाई फुले महिला एकात्म समाज मंडळ ही त्याच्याशी जोडलेली संस्था शहरातील वस्त्यांमध्ये आणि परिसरातील खेड्यांमध्ये आरोग्य, बालशिक्षण, महिला बचत गट आणि जलसंधारण यांसाठी काम करते. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंना मृत्यू आला. आरोग्यसेवेच्या कामाला त्यांचे नाव सर्वथा शोभणारे आहे. या कामाचा वैद्यकीय हिशेबही सरळ आहे. गरोदरपणात वेळच्या वेळी तपासणी झाली, रक्तक्षय लवकर लक्षात आला आणि लोहाच्या गोळ्या नियमित पोटात गेल्या, तर बाळंतपणातील कितीतरी गुंतागुंती टळतात. पाणी स्वच्छ मिळाले, की अतिसाराने आजारी पडणारी मुले कमी होतात. रुग्णालयाशी संबंधित दत्ताजी भाले रक्तपेढी स्वेच्छा रक्तदानाच्या आधारावर शहराची मोठी गरज भागवते.

पुढे प्रतिष्ठानने संभाजीनगरबाहेरही पाऊल टाकले. नाशिकला गंगापूर रस्त्यावर श्री गुरुजी रुग्णालय उभे राहिले. त्यानंतर आसाममधील शिवसागर येथे, आहोम राज्याचा संस्थापक सुकाफा याच्या नावाने, रुग्णालय सुरू करण्यात आले. मराठवाड्यातील डॉक्टरांनी स्थानिक गरजेतून उभारलेली कार्यपद्धती अशा रीतीने ईशान्य भारतापर्यंत पोचली.

शहरात सेवाभावी खासगी आरोग्यसेवेची इतर उदाहरणेही आहेत. बीड वळणरस्त्यावरील कमलनयन बजाज रुग्णालय उद्योगसमूहाच्या पाठबळावर न्यासामार्फत उभे राहिले. हेडगेवार रुग्णालयाचा पाया डॉक्टरांच्या गटाने आणि समाजातील देणगीदारांनी घातला. दोन्ही मार्गांनी मराठवाड्याच्या आरोग्यसेवेत भर पडली. राजीव गांधी जीवनदायी आणि त्यानंतर महात्मा फुले जनआरोग्य या शासकीय योजनांनी गरीब कुटुंबांच्या ठरावीक उपचारांचा भार उचलायला सुरुवात केल्यानंतरही न्यासांच्या रुग्णालयांचे महत्त्व कमी झालेले नाही. योजनेच्या यादीत न बसणारे आजार, औषधोपचाराचा पुढचा खर्च आणि आजार होण्यापूर्वी वस्तीत करायचे काम ही जबाबदारी अजूनही त्यांच्याकडेच येते.